चौदा अंशांचा हिशेब: गोव्यातल्या घरात पाणी कमी खर्चात कसं तापवावं

माझी भाची लग्नानंतर पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि दुसऱ्याच महिन्यात वीज खात्याचं बिल हातात घेऊन फोंड्याला माझ्या दारात उभी राहिली. एसी नाही, ओव्हन नाही, माणसं दोघंच. "मावशी, एवढं जळतं कशात?" फ्रिज सोडला तर तिच्या घरात खाणारी वस्तू एकच होती, न्हाणीतला गिझर. सकाळी सहाला लावलेलं बटण ती रात्री निजताना बंद करायची. मध्येच कोणाला गरम पाणी लागलं तर असू दे, म्हणून.

तिच्यासाठी त्या दिवशी कागदावर जो हिशेब मांडला, तोच इथे सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदाच घर चालवणाऱ्यांना आणि बाहेरून गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांना तो उपयोगी पडेल. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी आणि खरेदी शेवटी. बहुतेक घरांत खरेदीपर्यंत जायची वेळच येत नाही.

सगळ्यात आधी: पाणी किती तापवायचं आहे ते पाहा

गोव्यात नळाला येणारं पाणी मुळातच कोमट असतं. ओपाचं असो, अस्नोड्याचं असो की साळावलीचं (ही आपल्याकडची पाणीपुरवठ्याची केंद्रं), घरातल्या टाकीत येईपर्यंत ते वर्षातला बराच काळ २५ ते २८ अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला सुखाचं वाटतं ते पाणी साधारण ४० अंशांचं. म्हणजे नळाचं पाणी २६ अंशांचं धरलं तर आपल्याला चढवायचे आहेत फक्त चौदा अंश. उत्तरेत थंडीत नळाला दहा-बारा अंशांचं पाणी येतं, तिथे हेच काम दुप्पट होतं. गिझर मात्र तिथे आणि इथे तोच विकला जातो आणि वापरायची सवयही आपण तीच उचलतो.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. २० लिटरची भरलेली बादली २६ वरून ४० अंशांवर नेली की २० गुणिले १४, म्हणजे २८० किलोकॅलरी. ८६० ने भागा: एक तृतीयांश युनिट. चार माणसांच्या चार बादल्यांना दिवसाला सव्वा ते दीड युनिट, महिन्याला चाळीसच्या घरात. वाळपई, सांगे या डोंगराकडच्या बाजूला जानेवारीच्या पहाटे पाणी २० अंशांपर्यंत उतरलं तरी बादलीमागे अर्ध्या युनिटाच्या आतच काम होतं.

हा तुमचा खरा खर्च. बिलात गिझरच्या नावावर याहून जितकं जास्त जातं, तितकं पाणी अंगावर न येताच संपलेलं असतं.

स्वतःच्या घरचं मोजायचं असेल तर स्वयंपाकघरातला किंवा माशांच्या टाकीत लावतात तो थर्मामीटर घ्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो साधारण ३२ अंशांच्या खालचं दाखवतच नाही. सकाळी बादलीत नळाचं पाणी घेऊन मोजा, मग अंघोळीला बसण्याआधी तयार पाणी मोजा. दोन आकड्यांतला फरक गुणिले लिटर, भागिले ८६०. पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा केलं की पुढे दुकानदाराशी बोलताना तुमचा आवाज वेगळा लागतो.

गिझरचा दिवा मोजा

साठवणीच्या गिझरमध्ये पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की कॉइल बंद होते आणि दिवा विझतो. पण टाकीभोवतीच्या आवरणातून उष्णता हळूहळू झिरपत राहते, पाणी निवतं, कॉइल पुन्हा पेटते. नळ कोणी उघडला नाही तरी हे चक्र चालू राहतं.

एखाद्या सुट्टीच्या दुपारी गिझर पूर्ण तापू द्या आणि मग कोणीही पाणी न घेता दिवा किती वेळाने लागतो, किती मिनिटं राहतो, ते घड्याळ लावून लिहून ठेवा. आमच्या जुन्या १५ लिटरच्या गिझरचा दिवा साधारण दर दोन तासांनी लागायचा आणि तीन मिनिटं राहायचा. कॉइल २००० वॅटची. दोन हजार वॅट अर्धा तास चालले की एक युनिट, त्या मानाने तीन मिनिटांना ०.१ युनिट. दिवसातून बारा वेळा, म्हणजे १.२ युनिट. चार माणसांच्या अंघोळीला लागतं जवळजवळ तेवढंच! तो कागद समोर आला त्या दिवसापासून आमच्याकडे गिझर कधी दिवसभर चालू राहिला नाही.

इथे एक समज हमखास आडवा येतो. "सारखं चालू-बंद केलं तर जास्त वीज जाते, त्यापेक्षा चालूच राहू दे." हे चूक आहे. पाणी निवलं तर तेवढीच उष्णता परत द्यावी लागते जेवढी बाहेर गेली आणि गरम टाकी निवणाऱ्या टाकीपेक्षा जास्त वेगाने उष्णता सोडते. बंद ठेवलेला गिझर चालू ठेवलेल्यापेक्षा नेहमीच कमी खातो.

दुसरा समज वॅटचा. "तीन हजार वॅटचा आहे, बिल फुगेल." युनिट म्हणजे वॅट गुणिले वेळ. तीन हजारवाला लवकर तापवून लवकर थांबतो. गावाकडे विजेचा दाब कमी असतो तेव्हा याच्या उलट दिसतं. २३० व्होल्टच्या जागी २०० मिळाले तर कॉइलची ताकद पाऊण भागावर येते, पाणी तापायला तिसरा हिस्सा वेळ जास्त लागतो, पण युनिटं जवळजवळ तेवढीच जातात.

बटणाची शिस्त

२००० वॅटची कॉइल १५ लिटर पाणी २६ वरून ५० अंशांवर साडेबारा मिनिटांत नेते. म्हणजे अंघोळीआधी पंधरा मिनिटं पुरे. आमच्या घरचा नियम असा: पहिला माणूस दात घासायला जाताना बटण दाबतो, शेवटचा माणूस न्हाणीत शिरण्याआधी बंद करतो. टाकीत तापलेलं आहे ते शेवटच्याला पुरतं आणि चालू विजेच्या उपकरणाखाली कोणी अंघोळ करत नाही, हा दुसरा फायदा.

घरातल्यांच्या अंघोळी एकामागोमाग लागतील असं बघा. एक सहाला, दुसरा आठला, तिसरा अकराला, असं झालं की तीनदा टाकी तापते आणि तीनदा उरलेलं पाणी निवतं. शाळा, कचेरी, कदंबाची बस, सगळ्यांच्या वेळा जुळत नाहीत हे खरं. तरी दोघांच्या जुळल्या तरी फरक दिसतो.

विसराळूपणाची भीती असेल तर टायमर बसवता येतो, पण तो १६ अँपिअरचा भार सोसणारा हवा. मोबाइलच्या चार्जरला लावतात तसला साधा टायमर गिझरला लावला तर वितळतो.

तापमानाची चकती

बहुतेक गिझरना थर्मोस्टॅटची चकती असते. काहींना ती बाहेर, काहींना खालच्या झाकणाच्या आत. आत असेल तर स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियन सर्व्हिसिंगला येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्या. कारखान्यातून ती बऱ्याचदा ६० ते ७५ च्या मध्ये कुठेतरी लावून येते. पाणी ७० ला नेऊन मग त्यात अर्ध्याहून जास्त थंड मिसळायचं, या खटाटोपात अंघोळीला काहीच जास्त मिळत नाही. टाकी जितकी गरम तितकी गळती जास्त, कॉइलवर क्षार जास्त आणि लहान मुलाचा हात भाजण्याचं भय वेगळं.

५० अंशांवर लावलेल्या १५ लिटरच्या गिझरमधून ४० अंशांचं सुमारे पंचवीस लिटर पाणी निघतं, म्हणजे एक बादली सहज आणि वर थोडं. दोघं लागोपाठ जात असतील तर ६० ठेवा, पस्तीस लिटरच्या आसपास मिळेल. त्याहून वर जायचं कारण मला गोव्यात तरी दिसलेलं नाही.

एक सावधगिरी मात्र घ्याच. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो आणि म्हाताऱ्या माणसांना तो जड जातो. म्हणून चकती खाली ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा टाकी ६० च्या वर तापवून घ्यावी.

नळ, पाइप आणि बादली

शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज सोडतो. पाच मिनिटं उभं राहिलं की दोन बादल्या गेल्या. बादली आणि तांब्याने अंघोळ करणाऱ्याला कोणी मागासलेला म्हणो, त्याचं पाणी तापवण्याचं बिल अर्धं येतं. शॉवर सोडवत नसेल तर कमी पाणी सोडणारं तोंड बसवा आणि साबण लावताना बंद ठेवा.

पाइपाकडे कोणाचं लक्ष जात नाही. अर्ध्या इंचाच्या दहा मीटर पाइपात पावणेदोन लिटर पाणी मावतं, पाऊण इंचाच्यात तीन लिटरांहून जास्त. गिझर एका टोकाला आणि स्वयंपाकघरातला नळ दुसऱ्या टोकाला असेल तर दर वेळी एवढं पाणी आधी थंड येतं आणि वापर झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवत पडतं. नवीन घर बांधत असाल तर गिझर न्हाणीच्या भिंतीलाच लावा, स्वयंपाकघराला त्याची लाइन नेऊ नका. मासळीची तेलकट भांडी घासायला लागणारं गरम पाणी भाताचं भांडं उतरवल्यावर त्याच शेगडीवर पातेलं ठेवून होतं. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची हवी, साधं पीव्हीसी त्या उष्णतेला टिकत नाही. गच्चीवरून येणाऱ्या लाइनला फोमची नळी गुंडाळून घ्या.

आणि हल्लीचे एका दांड्याचे नळ. दांडा मधोमध ठेवायची आपल्याला सवय असते, त्यामुळे नुसते हात धुतले तरी गरम बाजूचं पाणी ओढलं जातं. दांडा कायम थंड बाजूला वळवून ठेवा. घरातल्या मुलांना सांगितलं की ती आपल्यापेक्षा चांगलं पाळतात.

कपड्यांच्या मशीनला आत स्वतःचा हीटर असेल तर तोही गिझरच आहे. रोजचे कपडे थंड पाण्यात स्वच्छ निघतात. ४० किंवा ६० अंशांचा कार्यक्रम आजाऱ्याच्या चादरी आणि बाळाचे लंगोट यांच्यापुरता ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडे पिण्याचं पाणी उकळतात, ते सोडू नका. पण झाकण ठेवून उकळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट झालं की आच बंद करा. पंधरा-वीस मिनिटं उकळत ठेवल्याने पाणी जास्त शुद्ध होत नाही, सिलिंडर तेवढा लवकर संपतो.

गच्चीवरची काळी टाकी

मार्च ते मे या महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हात लावल्यावर चटका देण्याइतकं तापतं. हे पाणी फुकट तापलेलं आहे. दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी उन्हाळ्यात अंघोळ संध्याकाळी हलवली तर गिझरचं बटण तीन महिने दाबावं लागत नाही. सकाळीच अंघोळ करायची असेल तर चारच्या सुमारास झाकणाच्या दोन बादल्या भरून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवा. सकाळपर्यंत ते निवतं खरं, पण आपल्याकडची उन्हाळी रात्रही उबदारच असते. हा उपाय कौलारू, माडांच्या सावलीतल्या घरांना फारसा लागू होत नाही, त्यांची टाकी थंडच राहते.

गॅस की वीज?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर प्रत्येक घराचं वेगळं येतं. गणित स्वतः करा.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ऐंशी टक्के पाण्याला देतो असं धरलं तर १४५ युनिटं पदरात पडतात. शेगडीवर पातेलं ठेवून तापवलं तर बरीच उष्णता बाजूने निसटते, हाती ११० च्या आसपास येतात. बिनझाकणाच्या पातेल्यात त्याहूनही कमी. आता सिलिंडरची किंमत १४५ ने भागा. उदाहरणाला ८७० रुपये धरले तर युनिटाला सहा रुपये पडले. शेगडीवर तेच आठ रुपये.

समोर तुमच्या विजेचा दर ठेवा. गोव्यात घरगुती वीज सरकारचं वीज खातं देतं आणि दर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो. दर टप्प्याटप्प्याने चढत जातात: पहिली युनिटं स्वस्त, पुढची महाग. म्हणून बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर घेऊ नका. गिझरची युनिटं तुम्ही वाचवाल तेव्हा ती वरच्या टोकाकडून वजा होतात. बिलावर तुमचा वापर ज्या टप्प्यात संपतो तो दर बघा, तोच गिझरचा दर. कमी वापराच्या घरात हा आकडा गॅसच्या सहा रुपयांहून बराच खाली येतो. आमचा तसा येतो, म्हणून आम्ही विजेवरच आहोत. एसी चालवून वरच्या टप्प्यात गेलेल्या घरांनी मात्र आकडेमोड करून बघावी.

गॅस गिझरची एक बाजू चांगली आहे: जून-जुलैत वादळाने तारा तुटून वीज गेली तरी तो बॅटरीच्या सेलवर पेटतो. पण त्याच्याबद्दल पुढचं वाक्य मी जितक्या कळकळीने लिहिता येईल तितक्या कळकळीने लिहिते आहे. गॅस गिझर न्हाणीच्या आत लावू नका. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला गुंगी येते आणि कडी लावलेल्या दाराआड तो बेशुद्ध पडतो. फ्लॅटची न्हाणी लहान, खिडकी जेमतेम, तीही पावसात बंद. वर एक्झॉस्ट पंखा असेल तर तो हवा बाहेर ओढताना गिझरचा धूर आतच खेचू शकतो. गिझर बाहेर, मोकळ्या सज्जात किंवा मागच्या पडवीत लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. ते शक्य नसेल तर गॅस गिझर तुमच्या घरासाठी नाही. थोडी बचत राहू दे.

भाड्याच्या घरात आधीपासून आत लावलेला सापडला तर मालकाला तो हलवायला सांगा आणि तोवर वापरू नका.

नवीन गिझर घ्यायचाच असेल

दोघांच्या घराला २५ लिटरचा गिझर विकला जातो तेव्हा मला वाईट वाटतं. दोघं असोत की चौघं, बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला मी तीन लिटरचा, तीन हजार वॅटचा इन्स्टंट गिझर सुचवते. तीन हजार वॅटमध्ये मिनिटाला तीन लिटर पाणी चौदा अंशांनी तापतं, म्हणजे वीस लिटरची बादली सहा-सात मिनिटांत भरते. टाकी एवढीशी, त्यामुळे मागे निवणारं पाणीही एवढंसंच. थंड प्रदेशात हाच गिझर अपुरा पडतो, लोक त्याला नावं ठेवतात. आपल्या हवेला तो नेमका बसतो. सत्तरीत, म्हणजे वाळपईच्या बाजूला, थंडीच्या दिवसांत नळ थोडा बारीक सोडावा लागेल, बादलीला नऊ-दहा मिनिटं.

शॉवर हवाच असणाऱ्यांनी दहा किंवा पंधरा लिटरचा साठवणीचा घ्यावा आणि त्यावरचं बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) तारांकित लेबल वाचावं. पाणी न वापरताही २४ तासांत किती वीज जाते तो आकडा त्यावर असतो. मघाशी दिवा मोजून आपण जे शोधलं तेच हे. तारे पाच असोत की चार, दोन गिझरांमध्ये हा आकडा ज्याचा कमी तो घ्या. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाब सोसणारा, आठ बारचा, मागा.

तीन हजार वॅटला तेरा अँपिअर प्रवाह लागतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड वायर आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी. आपल्याकडे पावसात भिंती ओलावतात आणि चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. या दोन्ही गोष्टींमुळे अर्थिंग तपासून घेणं हा गिझरच्या किमतीचाच भाग समजा.

बादलीत सोडायच्या रॉडबद्दल थोडं सांगते. रॉडमधली सगळी वीज पाण्यातच जाते, खर्चाच्या दृष्टीने तो कोणत्याही गिझरइतका चांगला आहे. धोका हाताचा आहे. पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, लोखंडी बादली वापरायची नाही, घरात लहान मूल असेल तर रॉड ठेवायचाच नाही.

किनाऱ्याजवळ, जिथे विहिरीचं पाणी खारट लागतं, तिथे गिझरची टाकी लवकर गंजते. आत मॅग्नेशियमची एक दांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. वर्षाकाठी ती उघडून बघायला सांगा. झिजली असेल तर बदलायला गिझरच्या मानाने खर्च क्षुल्लक येतो. कॉइलवर थर बसला असेल तर त्याच वेळी खरवडून घ्या.

सोलर: कोणाला परवडतं?

उन्हाला फुकट म्हणतात म्हणून सोलर बसवावंच, असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर ते मे गोव्याचं ऊन उत्तम, जून ते सप्टेंबर ढग. आठ महिने पाणी फुकट मिळालं तरी बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराची वाचणारी वीज वर्षाला तीनशे-सव्वातीनशे युनिटं. तुमच्या दराने गुणा आणि सोलरच्या किमतीशी ताडून पाहा. पैसे फिटायला किती वर्षं लागतात ते तुम्हालाच दिसेल.

एकत्र कुटुंब, घरी आजारी किंवा वृद्ध माणूस, पाहुण्यांना खोल्या देणारं घर, अशा ठिकाणी सोलर लवकर फिटतो. तिथेही आकार नीट ठरवा. १०० लिटरचा संच चांगल्या उन्हात १०० लिटर पाणी ६० अंशांवर नेतो. त्यात थंड मिसळलं की ४० अंशांच्या बारा बादल्या होतात! दहा माणसांचं भागतं. विकणारा चौघांच्या घराला २०० सांगेल, त्याला हा हिशेब दाखवा.

बसवताना पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, २५ ते ३० अंश कलते. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीहून उंच हवी, नाहीतर पाणी चढत नाही. खारा वारा लागणाऱ्या गावात स्टँड गॅल्व्हनाइझ्ड घ्या. कौलांवर संच टेकवू नका. मागच्या बाजूला स्लॅब असेल तर तिथे, नाहीतर अंगणात उन्हाच्या जागी चौथरा बांधून.

छप्पर मोकळं आणि स्वतःचं असेल तर पाणी तापवणाऱ्या सोलरपेक्षा वीज करणारी सौर पॅनेलं मला जास्त पटतात. पाणी तापवणारा संच दुपारी भरला की पुढचं ऊन वाया जातं. पॅनेलांची उरलेली वीज नेट मीटरमधून जमा होते आणि सकाळी गिझरला परत मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत केंद्राचं अनुदान एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० असं ठरलं होतं. अर्ज करताना त्या दिवशीचे नियम योजनेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

हीट पंप हे तिसरं साधन. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो. आपली उबदार, दमट हवा त्याला मानवते. पण तो महाग आहे, त्याचा आवाज होतो, आणि लहान घराचा मूळ खर्चच एवढा थोडा की त्यात त्याची किंमत निघत नाही. लॉजवाल्यांनी मात्र जरूर विचार करावा.

न्हाणीतली भाण

माझं सासर सत्तरीत. तिथल्या न्हाणीत चुलीवर मातीने लिंपून बसवलेली तांब्याची भाण अजून आहे. माडाची चुडतं (झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या घालून सकाळी एकदा पेटवली की दुपारपर्यंत पाणी ऊन. मातीच्या लिंपणामुळे उष्णता धरून राहते. ज्यांच्या बागेत हा पाचोळा पडतोच, त्यांच्यासाठी यापेक्षा स्वस्त काही नाही, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या घराच्या अभ्यंगस्नानाला वा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, वीस माणसं जमल्यावर कुठलाही गिझर तिच्यापुढे टिकत नाही.

पण धूर बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे विसरून तिचं कौतुक करू नये. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा फार थोडा भाग पाण्याला लागतो. चुलीत खाली लोखंडी जाळी ठेवा म्हणजे हवा खेळते, धुराडं छपराच्या वर काढा, भाणीवर झाकण ठेवा आणि जळण मिरगाआधी सुकवून पडवीत रचा. ओलं सोडण धूर जास्त, आच कमी देतं. प्लास्टिकच्या पिशव्या पेटवणासाठी घालण्याची सवय कुठे कुठे दिसते, ती आजच बंद करा.

गावी जाताना

चवथीला आठ दिवस मूळ घरी निघालात तर गिझर नुसत्या बटणावर बंद करून जाऊ नका, बोर्डातला त्याचा एमसीबी खाली पाडा. परत आल्यावर टाकीतलं पाणी आठवडाभर कोमट साचलेलं असतं. आधी चकती वर करून पूर्ण तापू द्या, खिडकी उघडून, वाफ तोंडावर न घेता, पाच मिनिटं नळ सोडा. सोडलेलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला होतं. मग चकती परत ५० वर आणा, आणि अंघोळीला बसा.